नको म्हटलेला चहा

तिशी उलटल्यावर माझ्या तोंडावर मुरुमं आली. गालावर, हनुवटीवर, मानेवर, लालभडक आणि ठणकणारी. "पुन्हा लग्नाच्या वयात आला काय बे?" मित्र चिडवायचे. मी हसायचो, पण आरशात पाहणं सोडून दिलं होतं.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. सकाळी आर्णीहून फटफटी काढायची आणि गावोगाव फिरायचं. मशीन उघडायच्या आधी चहा येतो, गोडमिट्ट, सोबत बिस्किटं. जितकी घरं तितके चहा. भूक मरायची, डबा तसाच घरी परतायचा आणि पोट काही साफ व्हायचं नाही.

यवतमाळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मुरुमं पाहिली आणि त्या खाण्यापिण्याचंच विचारत बसल्या. "सगळ्यांचीच मुरुमं पोटातून येत नाहीत," त्या म्हणाल्या, "पण इतकी साखर तुम्हाला नक्कीच सोसत नाहीये. मलम लावा, चहा-बिस्किटं बंद करा, डब्यातली भाजी-भाकर वेळेवर खा."

भाकरीचं सोपं होतं. चहाचं नव्हतं.

बाबांच्या तरुणपणी त्यांच्या गावात आमच्या बौद्ध वस्तीतल्या माणसांसाठी वेगळी कपबशी असायची, ओसरीबाहेरच्या कोनाड्यात. चहा प्यायचा आणि आपणच धुऊन ठेवायची. म्हणून मी कामाला लागलो तेव्हा त्यांनी बजावलं होतं, "कोणी घरात बसवून त्यायच्या कपात चहा देल्ला, त नाही म्हणू नको." मी आजवर कुठेच नाही म्हटलं नव्हतं.

डॉक्टरांकडून आल्यावर पहिलंच काम एका शेतकऱ्याच्या घरी निघालं. तिथे मी कितीतरी वर्षं जातो. घरच्या काकूंनी कप पुढे केला. मी म्हणालो, "नको."

त्यांचा चेहरा उतरला. "काहून भाऊ? आमचं काही चुकलं काय?"

मला फार वाईट वाटलं. बाबांना उभ्या जन्मात जे मिळालं नाही, ते मी हाताने परत करत होतो. घाईघाईने म्हणालो, "नाही हो काकू, माह्यं तोंड पाहा ना. डॉक्टरनं चहा बंद केला."

काकूंनी जवळ येऊन निरखून पाहिलं. "अगं माय! मंग आंधी नाही सांगाव?" आत गेल्या आणि ताक घेऊन आल्या. मी ते एका दमात संपवलं.

चेहरा निवळायला पुढे दोन-तीन महिने लागले. एखादं मुरुम अजूनही डोकावतं. पण माझा जीव त्याच दिवशी भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं.  त्यांनी विचारलं, "ताक कायच्यात देल्लं?"

"स्टीलच्या गिलासात. काकांचं नाव कोरलेलं होतं त्याच्यावर."

"घरधन्याचं?"

"हाव."

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मंग ताकच पेत जा," ते म्हणाले.