हॉप्सचं वाळवण

दोन हजार पाचच्या सुमारास आम्ही रेडमंडला राहत होतो. शेजारच्या अमेरिकन आजोबांचा सारा जन्म डोंगरापलीकडे, याकिमाच्या हॉप्सच्या मळ्यांत गेला होता. त्यांनी दिलेल्या मुळ्या मी कुंपणाशी लावल्या आणि वेलांना चढायला उंच दोर बांधले. दुसऱ्या वर्षी ऑगस्टअखेर वेल हिरव्या, कागदी फुलांनी लगडले. ही फुलं बीअरमध्ये घालतात. आजोबा घरीच बीअर करायचे, म्हणून त्यांना ती हवी होती.

पुण्याहून आलेल्या आईला मी सांगितलं, की ही झोपेच्या औषधाची फुलं आहेत. बीअर म्हटलं असतं, तर तिने हात लावला नसता.

फुलं तोडली आणि कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जाऊन आलो, तर अंगणात जुनी साडी अंथरलेली, तिच्यावर सगळी फुलं आणि शेजारी आई कावळे हाकत बसलेली! हॉप्स सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवतात. उन्हात त्यांचा वास उडतो. मी भडकलो आणि शेजारच्या आजोबांना हाक मारली.

आजोबांनी एक पिवळं पडलेलं फूल चुरडून हुंगलं. मग आईकडे बघून मान डोलावली आणि पिशवी भरून घेतली.

परतताना विमानतळावर आई म्हणाली, "शेजारच्यांची बीअर कशी झाली, तेवढं कळव हो."

छान झाली, असं मी कळवलं. त्यानंतर दर ऑगस्टात ती फोनवर आधी विचारायची, "यंदा ऊन पडलंय ना?"

गॅरेजच्या सावलीत हॉप्सवर पंखा लावून मी म्हणायचो, "कडक पडलंय."