आमचीच गोलकीपर, समोरच्या गोलमध्ये

गेल्या रविवारी बुऱ्हाणपूरच्या ग्राउंडवर आमचा लालबाग मोहल्ला हरला... आणि हरवलं कोणी, तर आमच्याच घरातल्या पोरीनं. तेव्हापासून गल्लीत मला रोज कोणी ना कोणी थांबवून विचारतंय, म्हणून म्हटलं एकदाच इथे लिहून टाकावं.

आमच्याकडे मुलींची फुटबॉल लीग होते, नंतर कप होतो. सीझन संपला की लीग जिंकलेली टीम आणि कप जिंकलेली टीम यांची एक मॅच... तिला सगळे शिल्डची मॅच म्हणतात. या मॅचला मावा जलेबीचा, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या जिलबीचा, रिवाज आहे. हरलेल्या मोहल्ल्यानं जिंकलेल्यांना ग्राउंडवरच बसवून खाऊ घालायची.

आता एकाच टीमनं दोन्ही जिंकलं तर? मागे राजपुरा मोहल्ल्याच्या मुलींनी तसं केलं होतं, तेव्हा मीटिंगमध्ये आम्हीच लालबागवाल्यांनी आरडाओरडा करून नियम करून घेतला. बाकीच्या टीम मिळून एक मिक्स टीम उतरवतील आणि चॅम्पियनकडून त्यांना हवी ती एक खेळाडू मागून घेतील. राजपुऱ्याची चांगली जिरवली, म्हणून तेव्हा आम्ही खूश होतो.

यंदा लीगही आमची आणि कपही आमचा. मिक्स टीममध्ये बहुतेक मुली राजपुऱ्याच्या. त्यांनी आमची गोलकीपर मागितली... म्हणजे माझी रेणू.

झालं. संध्याकाळपासून घरी लोकांची रीघ. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे महाजनभाऊ तर पायरीवर बसूनच राहिले. "भाभी, पोरीला जरा समजावा. इकडची आहे, तर इकडचं पाहायला पाहिजे ना. एखादा बॉल सुटला हातून, कोण काय बोलणार आहे?" रेणूच्या बाबांनी तर ताप आल्याचं सांगू का म्हणून विचारलं. मी चहा करत राहिले... खरं सांगते, मलाही शिल्ड लालबागलाच हवी होती.

रेणू आतून सगळं ऐकत होती. मी जेवायला बोलवायला गेले तर ग्लोव्हज पुसत बसलेली. म्हणाली, "मम्मी, मी बॉल सोडला ना, तर यानंतर मी अडवलेला एकही बॉल कोणी खरा मानणार नाही. आणि अडवला तर पूनम बोलेल की नाही माझ्याशी, काय माहीत." पूनम आमच्या टीमची कॅप्टन. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. मी काही समजावलं नाही. भाजी वाढली आणि बाजूला बसले.

रविवारी मी लालबागवाल्यांच्या गर्दीत बसले होते आणि लेक समोरच्या गोलमध्ये, राजपुऱ्याची जर्सी घालून. पहिल्या हाफमध्येच मिक्स टीमनं एक गोल केला. मग आमच्या मुलींनी जे अटॅक सुरू केले... रेणू सगळे अडवत होती. प्रत्येक वेळी आजूबाजूचे लोक आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी शेंगा सोलत होते, दाणा एकही खात नव्हते.

मॅच संपत आली आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. मारायला पूनम.

महाजनभाऊ एकदम रिलॅक्स झाले. "आता पोरगी समजून घेईल बरोबर," असं मागच्यांना सांगून पण झालं. मी मात्र शेंगा सोलायच्या थांबले. कारण या दोघी प्रॅक्टिस करतात आमच्या घराच्या लोखंडी गेटवर, आणि त्या गेटचा डाव्या बाजूचा खालचा पत्रा पूनमच्या पेनल्ट्यांनी पार आत गेलाय. बॉल कुठे येणार हे रेणूला ठाऊक होतं. रेणूला ठाऊक आहे, हे पूनमलाही ठाऊक होतं. तरी पूनमनं तिकडेच मारला... पूर्ण ताकदीनं.

आणि रेणूनं तो अडवला.

आमच्याकडच्या गर्दीत मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटीच. शेंगांची टरफलं सगळी खाली सांडली, लोक बघत होते, पण हात काही थांबेनात. इतका अभिमान मला तिच्या कुठल्या रिझल्टच्या दिवशीही वाटला नव्हता.

तिकडे बॉल बाहेर गेला होता. पूनम रेणूला हात देऊन उठवत आपल्या मुलींवर ओरडली, "काय बघून राहिल्या? कॉर्नर आहे, चला!" त्या एका ओरडण्यानं माझा जीव भांड्यात पडला. कॉर्नरमधूनही काही झालं नाही. आम्ही हरलो.

मग रिवाजाप्रमाणे जलेबी. ताट महाजनभाऊंच्याच हातात, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. राजपुऱ्याच्या मुलींच्या रांगेत रेणूही बसलेली, ती मान वर करेना. भाऊंनी सगळ्यांना एकेक वाढली, रेणूच्या द्रोणात दोन टाकल्या आणि पुढे गेले.

तेवढ्यात राजपुऱ्याच्या एका काकांनी विचारलं, "ही गोलकीपर कोणाची हो?" मी तोंड उघडणार तोच भाऊ वळले. "आमची," म्हणाले, "लालबागची. मागून आणली होती तुम्ही, आता वापस द्या."

रेणू माझी आहे हे मला माहीतच होतं. पण त्या दिवशी, आम्हाला हरवून, ती सगळ्या लालबागची झाली... राजपुऱ्याच्या पोरींनो, तुम्ही तिलाच मागितलंत, त्याबद्दल मनापासून थँक्यू.