तीनहजारी मिस्त्री आणि हेडबाईंचे कार्ड

गल्लीच्या टोकाला पत्र्याचे गॅरेज असलेल्या मिस्त्रींना सारा परिसर ‘तीनहजारी’ म्हणत असे. हा किताब त्यांना कोणा बादशहाने दिलेला नव्हता. तो त्यांनी हट्टाने मिळवला होता. गाडी कोणाचीही असो, इंजिनाचे तेल दर तीन हजार किलोमीटरला बदललेच पाहिजे, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. दारावरच्या पाटीवर गॅरेजच्या नावापेक्षा हाच आकडा मोठा होता. तेलाची निवडही त्यांनी एकदाच, आयुष्यभरासाठी करून टाकली होती: जाड. “म्हाताऱ्या माणसाला जाड पांघरूण लागतं, तसंच इंजिनाला,” असे ते सांगत. आणि इंजिन तरुण असले, तर “उद्या म्हातारं होणारच आहे” असे म्हणून तेच तेल ओतत.

काम आटोपले की हात साबणाने दोनदा धुऊन ते एक पिवळे कार्ड घेत, पुढच्या बदलाचा आकडा वळणदार अक्षरात लिहीत आणि कार्ड स्टिअरिंगखाली दोऱ्याने बांधत. त्या कार्डाबरहुकूम वागलेले एकही इंजिन आजवर बिघडलेले नाही, ही त्यांची खरी मिरास.

पण घरचाच भेदी निघाला. मिस्त्रींची मुलगी बसआगाराच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासण्याच्या नोकरीला लागली, आणि जेवणाच्या ताटावर वाद झडू लागले.

“बाबा, तेलं सुधारली, इंजिनं सुधारली. तुम्ही मात्र तिथेच. गाडीसोबत पुस्तिका येते, तीत सगळं लिहिलेलं असतं.”

“पुस्तिका लिहिणाऱ्याच्या नखात कधी काळं गेलंय का?”

“आणि ते जाड तेल! सकाळी इंजिन थंड असतं. जाड तेल वरपर्यंत पोचेतो आतले भाग कोरडे घासतात.”

“तू कोरडी पोळी खाऊ नकोस, आमटी घे,” असे म्हणून मिस्त्री विषय मिटवत.

एका रविवारी मिस्त्रींचा मेहुणा आपली टॅक्सी घेऊन गॅरेजात अवतरला. त्याचा चेहराच चोरासारखा होता.

“दाजी, रागावणार नसाल तर एक सांगतो. मागचं तेल भाचीनं निवडून दिलं होतं. पातळ. त्याला आता आठ हजार झाले.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “आठ? अरे, इंजिन आहे का लोणच्याची बरणी?”

“थांबा,” मुलगी म्हणाली. “भांडण कशाला? दोन गाड्यांच्या तेलाचा एकेक थेंब टीपकागदावर टाकू. चांगलं तेल पसरतं, खराब जागीच बसतं. मामाची टॅक्सी एक. दुसरी तुम्ही निवडा. मामाचा थेंब खराब निघाला, तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. तुमचा खराब निघाला, तर ती पाटी खाली.”

मिस्त्रींना हसू आवरेना. कारण त्यांच्याजवळ हुकमाचे पान त्याच क्षणी उभे होते: हेडबाईंची छोटी पांढरी गाडी. सकाळी सुरू केल्यावर ती मिनिटभर टिकटिकते, एवढ्या तक्रारीसाठी बाई ती सोडून गेल्या होत्या आणि पाच वाजता न्यायला येणार होत्या. शेवटच्या बदलानंतर ती जेमतेम एकवीसशे किलोमीटर चालली होती. शिवाय कार्डाची आज्ञा पाळण्यात हेडबाईंच्या तोडीचे गिऱ्हाईक नव्हते. एके काळी त्यांनी शाळेत मिस्त्रींना विज्ञान शिकवले होते, आणि वहीच्या पानापानावर लाल शाईने ‘उत्तर अपूर्ण’ असे लिहिले होते. त्याच बाई आज आपल्या अक्षरातला शब्द प्रमाण मानतात, या विचाराने मिस्त्रींना रोज दोन घास जास्त जात.

टीपकागद टेबलावर पसरला. टॅक्सीचा थेंब पडला, तपकिरी वर्तुळे करीत शांतपणे पसरला. हेडबाईंच्या गाडीचा थेंब पडला आणि जागीच बसला, काळ्या बटणासारखा. पुढे सरकायला तो राजीच नव्हता.

“तेल मोजायची पट्टी पुसली नसेल नीट,” मिस्त्री म्हणाले. दुसरा थेंब टाकला. दुसरे बटण झाले.

मुलीने इंजिनावरचे तेलाचे झाकण उघडून उलटे केले. आतून पिवळट फेसाचा थर चिकटलेला होता.

“हे पाणी आहे, बाबा. कार्डावर तारीख कुठंय?”

“तारखेचं काय काम? आकडा लिहिलाय की.”

“बाई गाडीनं जातात कुठे?”

“वाचनालयात. जायला एक किलोमीटर, यायला एक.”

बोलता बोलता मिस्त्री थांबले. दिवसाला दोन, तर एकवीसशे व्हायला हजारावर दिवस. जवळजवळ तीन वर्षे! शेवटचे तेल बदलले तेव्हा गॅरेजचे पत्रे बदलायचे काम चालू होते, हेही त्यांना आता आठवले. इंजिन तापायच्या आत वाचनालय येत होते. आतला ओलावा आतच साठत होता, आणि ते स्वतः पिवळ्या कार्डावर तीन हजारांची वाट पाहायला सांगून निश्चिंत झाले होते.

तेल काढले तेव्हा ते डांबरासारखे लोंबत उतरले. मिस्त्रींनी फिल्टर बदलला, पुस्तिका उघडली, तीत सांगितलेले पातळ तेल भरले, इंजिन दहा मिनिटे मंद चालवले, ते तेलही काढून टाकले आणि पुन्हा ताजे भरले. इंजिन निवेपर्यंत तिघेही बसून राहिले. मग मिस्त्रींनी किल्ली फिरवली. एकदा टिक झाले. दुसरे झालेच नाही.

“सुटलात!” मेहुणा म्हणाला. “आता गप्प बसा, दाजी. बाईंना काय कळतंय? इंजिन ठणठणीत, तुमचं नाव ठणठणीत.”

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिले. ती टीपकागदाची घडी घालत होती. “तुमचं गिऱ्हाईक, तुमचं कार्ड,” एवढेच ती म्हणाली.

बरोबर पाचच्या ठोक्याला हेडबाई आल्या. गाडी सुरू करून त्यांनी कान दिला. “छान. काय झालं होतं?”

हवेच्या नळीत कचरा अडकला होता, असे एक सोयीचे उत्तर मिस्त्रींच्या जिभेवर तयार होते. ते त्यांनी गिळले. “बाई, चूक माझी. तीन वर्षं तेल बदललं नाही तुमचं. मी नुसते किलोमीटर लिहिले, महिने लिहिलेच नाहीत.”

“ठाऊक आहे. पुस्तिकेत सहा महिने लिहिलंय.”

“मग आला का नाहीत?”

“पुस्तिका लिहिणाऱ्यानं माझी गाडी पाहिलेली नाही,” हेडबाई म्हणाल्या. “तू पाहिली आहेस.”

या वाक्याने मिस्त्रींची मान जेवढी खाली गेली, तेवढी नापास झाल्यावरही गेली नव्हती. हेडबाईंनी पर्समधून लाल पेन काढले, कार्ड मांडीवर घेतले, आणि आकड्यापुढे नेटके लिहिले: ‘उत्तर अपूर्ण. किंवा सहा महिने. जे आधी भरेल ते.’

“शाळेत तुला एकदा नापास केलं होतं ना मी?”

“दोनदा, बाई.”

“हं. खरं बोलायला शिकलास तेवढं पुरे.”

पाटी त्याच आठवड्यात उतरली. नव्या पाटीवर ‘आपल्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, किलोमीटर किंवा महिने’ एवढा मजकूर बसवताना रंगाऱ्याला गॅरेजचे नाव आणखी बारीक करावे लागले. लोक मात्र अजून ‘तीनहजारी’च म्हणतात.

सहा महिने भरले, त्या दिवशी सकाळी दहाला पांढरी गाडी दारात उभी राहिली. मिस्त्रींनी आकडा पाहिला: तीनशे साठ किलोमीटर. पट्टी काढून बोटांत तेल चोळले. ते अजून इतके स्वच्छ होते की त्यांना गहिवरून आले.

“बाई, हे तर अजून महिनाभर...”

हेडबाईंनी काचेतून पिवळे कार्ड बाहेर धरले आणि लाल ओळीवर बोट ठेवले.

मिस्त्री निमूटपणे जॅक आणायला वळले.