खाली बसवलेली पांढरी गाडी

त्या प्रकरणातला एकही तपशील मी विसरलेलो नाही, कारण त्यात चुकलो होतो मी स्वतः.

तेव्हा डोंबिवलीतल्या एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. एका बुधवारी सकाळी साडेसहाला ठाणे अंमलदाराचा फोन आला. औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यावर एका गाडीने स्कूटरवरच्या बाईंना उडवलं होतं आणि चालक पळून गेला होता. बाई पन्नाशीच्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. रोज सहाला केंद्र उघडायला निघायच्या. मांडीचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होत्या.

दवाखान्यात त्यांनी जबाब दिला. "गाडी थांबली होती हो साहेब. त्याने काच खाली केली, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. तोंड नीट दिसलं नाही मला. चष्मा होता, तेवढं आठवतंय."

मी चष्मा जबाबात लिहून घेतला आणि पुढे विसरून गेलो.

घटनास्थळाच्या पंचनाम्यात आम्हाला चाकाच्या मध्यभागी बसतं ते एक झाकण मिळालं, करड्या रंगाचं. कारखान्याच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात गाडीची डावी बाजू दिसत होती. पांढरी छोटी गाडी, जमिनीला टेकेल इतकी खाली बसवलेली, मिश्रधातूची मोठाली शोभेची चाकं, म्हणजे मॅगव्हील. नंबर दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याची माहिती आली. कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या एका गावात तशीच गाडी आहे, आणि मालकाने नुकतीच चारही चाकं बदलली आहेत. अपघातानंतर चाकं बदलणारा माणूस पुरावा नष्ट करतोय, याबद्दल मला शंका उरली नाही.

गाडीचा मालक सव्वीस वर्षांचा. घराणं तिथलंच, पूर्वी भातशेती करणारं. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या आणि पैसा आला. मुलगा डिप्लोमा करून एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करायचा. पण मला दिसली ती काळ्या काचांची गाडी, हातातलं कडं आणि दाढीचं कोरीव काम. असे बरेच पाहिले होते मी. निदान तसा माझा समज होता.

"चाकं का बदललीस?"

"घासत होती, साहेब."

"अपघातानंतर घासायला लागली?"

"कुठला अपघात? मी सोमवारीच बदललेली. ठाण्याला, जुना सेट देऊन दुसरा घेतला."

"पावती?"

"अदलाबदलीची कसली पावती, साहेब?"

मी ते करडं झाकण टेबलावर ठेवलं. त्याने ते उचलून उलटसुलट पाहिलं आणि सरळ म्हणाला, "हे माझ्याच जुन्या सेटचं आहे. एक झाकण खड्ड्यात पडलेलं, त्याच्या जागी हे बसवलं. बाकीची तीन काळी होती." फोन काढून फोटोही दाखवला. तीन काळी, एक करडं.

आज विचार केला तर कळतं, खोटं बोलणारा माणूस ते झाकण ओळखायला तयारच झाला नसता. तेव्हा मात्र मला वाटलं, सापडला! त्याच्या गाडीच्या बंपरवर डावीकडे ओरखडेही होते. गाडी ताब्यात घेतली आणि त्याला तीन दिवस चौकशीला बोलावत राहिलो. कारखान्याने त्याला, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नकोस, असं कळवलं. वडील रोज बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. एकदा मी समोरून जाताना उठून उभे राहिले. "साहेब, माजा पोर खोटा नाय बोलायचा." प्रत्येक बाप हेच म्हणतो, असं मनात म्हणत पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या जीपवरचे हवालदार माझ्या खोलीत आले. पोलिसात यायच्या आधी ते मामाच्या गॅरेजमध्ये काम करत होते. "साहेब, त्याला एकदा गाडीजवळ नेऊ का? तो बोलतोय त्यात तथ्य वाटतंय मला."

मी नाराजीनेच परवानगी दिली आणि स्वतःही आवारात गेलो. तो पोरगा शर्टाची पर्वा न करता गाडीशेजारी आडवा झाला आणि टॉर्च मारून दाखवू लागला.

"साहेब, ओरखडे बघा. खालून वर आहेत. स्पीडब्रेकरला लागून आलेत. स्कूटरला ठोकली असती तर बाजूला खड्डा पडला असता." मग मडगार्डच्या आत उजेड टाकला. आतलं प्लॅस्टिक घासून पातळ झालं होतं. "मी आधी मूर्खपणा केलेला. स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतली आणि सतरा इंची रुंद चाकं टाकली. दिसायला भारी, पण वळवलं की आत घासायची. त्यात कापलेल्या स्प्रिंगवर गाडी नुसती उड्या मारते. खड्डा आला की चाक रस्ता सोडतं. तेव्हा ब्रेक दाबून काय उपयोग?"

"मग अचानक शहाणपण कसं आलं?" मी विचारलं.

तो पहिल्यांदाच हसला. "ताईला सातवा महिना चालू आहे. तपासायला मी घेऊन जातो तिला. ती म्हणाली, तुझ्या गाडीत बसले तर बाळ शीळ फाट्यालाच होईल. मग कापलेल्या स्प्रिंगा काढल्या, त्यांच्या मापाच्या शॉकअपसकट नवीन बसवल्या. चाकंही पंधरा इंची, कंपनीच्या रुंदीची. आता थोडीशीच खाली आहे, पण पोटातलं पाणी हलत नाही."

हवालदारांनी गाडीचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि स्थिर झाली. "स्प्रिंगा खरंच नव्या आहेत, साहेब. कापलेल्या असत्या तर गाडी उड्या मारत राहिली असती," ते म्हणाले.

त्याच दुपारी आम्ही ठाण्याला त्या चाकांच्या दुकानात गेलो. खाकी पाहून दुकानदाराने आधी हात वर केले. "असा सेट आलाच नाही माझ्याकडे." मी शांतपणे सांगितलं की एका निरपराध माणसाची नोकरी जायची वेळ आली आहे. मग त्याने फोन उघडला. जुना सेट येताच त्याने एका गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. सोमवार, दुपारी चार. चार चाकं ओळीने मांडलेली, शेवटच्यावर करडं झाकण. मंगळवारी ते गिऱ्हाईक सेट बसवून घेऊन गेलं होतं.

गिऱ्हाईक कल्याणचं. दार उघडलं ते शिकवणीचे वर्ग चालवणाऱ्या एका सरांनी. इस्त्रीचा सदरा, सौम्य आवाज आणि डोळ्यांवर चष्मा. हे गृहस्थ पोलीस ठाण्यात आले असते तर मी उठून खुर्ची दिली असती. खाली वाहनतळात त्यांची छोटी पांढरी गाडी कव्हरखाली उभी होती. डावी बाजू चेपलेली, एका चाकावर झाकण नाही. त्यांनीही स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या.

"मला लहानपणापासून अशा गाडीचा शौक," ते खाली मान घालून म्हणाले. "या वयात लोक हसतील म्हणून पहाटे एकटाच फिरवायचो. खड्ड्यातून गाडी उडाली, ब्रेक लागलाच नाही. उतरणार होतो मी... मग वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आली. घाबरलो." ते रडले. खोटं रडत नव्हते. पण बाई तिथे वीस मिनिटं पडून होत्या.

सरांवर दोषारोपपत्र दाखल झालं. बाईंचा पाय सांधला, आणि काही महिन्यांनी काठी घेऊन का होईना, त्या केंद्राच्या गल्ल्यावर बसू लागल्या. मुलाने परवानगीशिवाय गाडीत बदल केले होते, त्याबद्दल त्याच्यावर नियमाप्रमाणे कारवाई झाली. त्याने कुरकुर केली नाही.

माझं काम मात्र संपलं नव्हतं. पोलीस एखाद्याला घेऊन जातात तेव्हा सगळं गाव बघतं. तो सुटतो तेव्हा कोणी बघत नाही. म्हणून कारखान्याला पत्र पाठवून मी गणवेशात त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळची वेळ, ओट्यावर शेजारपाजारचे बसलेले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुमच्या मुलाचा या गुन्ह्याशी काहीही संबंध नाही. उलट त्याच्यामुळे तपास लागला. तीन दिवस त्रास दिला, त्याबद्दल मी माफी मागतो."

वडिलांनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा साहेब. चाय घेतल्याबिगर जायाचा नाय." आतून पोट सावरत मुलाची बहीण चहा घेऊन आली.

मी माणूस न पाहता त्याची गाडी पाहिली होती. बाईंनी सांगितलेला चष्मा माझ्याच कागदावर होता, आणि माझ्यासमोर रोज बिनचष्म्याचा मुलगा बसत होता. अनुभव जास्त झाला की हे असं होतं. आपण विचारायच्या आधीच उत्तर ठरवून बसतो.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक पथ्य पाळलं. चौकशीत निर्दोष ठरलेल्या माणसाच्या दारात जायचं आणि चार लोकांसमोर तसं सांगायचं. त्यासाठी कुठला नमुना अर्ज नाही, स्टेशन डायरीत वेगळा रकाना नाही. दहा मिनिटं लागतात.