सरांची न्याहारी

दुकान उघडण्याआधी सलूनवाला रोज सरांच्या घरी जाऊन त्यांची दाढी करायचा. सर म्हणजे शाळेतले त्याचे गणिताचे मास्तर. सहावीत असताना खिडकीची काच फुटली, तेव्हा याच सरांनी त्याला साऱ्या वर्गासमोर छड्यांनी फोडून काढलं होतं. काच त्याने फोडलीच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही. बापाच्या दुकानात कात्री धरली. पुढे सर गिऱ्हाईक म्हणून आले, तेव्हा मुकाट्याने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. तो विषय कधी कुणी काढला नाही.

आता सरांची बायको गेली होती, दात गेले होते, आणि आठवणही दगा देऊ लागली होती. परगावी दिलेली मुलगी ओट्सची पाकिटं घेऊन आली.

"काका, दुपारचं शेजारच्या बाई बघतील. सकाळचं तेवढं तुम्ही कराल? पाणी उकळलं की दोन मुठी टाकायच्या, तीन मिनिटं ढवळायचं, झालं."

"करतो की, ताई."

बोलून बसला खरा, पण स्वतःच्या घरी त्याने कधी चहाचं आधणही ठेवलं नव्हतं. पहिल्या दिवशी नुसत्या गुठळ्या झाल्या.

"पोस्टर चिकटवायची खळ केलीस का रे?" सरांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पातळ पाणी. तिसऱ्या दिवशी दूध, साखर, कुस्करलेलं केळं घातलं, तेव्हा कुठे जमलं. पण सरांनी तोंड घट्ट मिटलं.

"घोड्यांचा खाऊ हा. तूच खा."

सलूनवाल्याने दुसरी वाटी घेतली आणि समोर बसला. गरम, गिळगिळीत, नुसतं गोडमिट्ट. तरी "वा!" म्हणत त्याने वाटी चाटूनपुसून साफ केली. मग सरांनी चमचा उचलला. तेव्हापासून रोज दोन वाट्या. घरी बायको कुरकुरायची, "हल्ली माझ्या हातचं घशाखाली उतरत नाही वाटतं!"

एका सकाळी खाता खाता सर थांबले.

"एक पोरगा होता. सलूनवाल्याचा. काचेपायी मारलं मी त्याला. आठवड्याने कळलं, दुसऱ्यानेच फोडली होती."

सलूनवाल्याने वाटी खाली ठेवली. "मग त्याच्या घरी का नाही गेलात, सर?"

"लाज वाटली. हुशार होता रे."

"सर, मीच तो."

सरांनी त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि हसले. "तू कसा असशील? तो एवढासा होता." आणि त्यांनी हात टेबलाएवढा धरून दाखवला.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं. पुढे आठ महिने तो रोज ओट्स शिजवत राहिला, सर पुन्हा ते बोलतील म्हणून कान टवकारून समोर बसत राहिला. सर बोलले नाहीत. मग सरांना घास गिळवेनासा झाला, आणि मुलगी त्यांना आपल्या गावी घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी दुकानात तिचा फोन आला. "काका, बाबा पहाटे गेले."

"बरं, ताई," तो म्हणाला. खुर्चीत गिऱ्हाईक गालाला फेस लावून बसलं होतं. त्याने वस्तरा खाली ठेवला, जरा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"कोण होतं?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"आमचे सर," तो म्हणाला, आणि उरलेली दाढी करायला वळला.