एकाच निशाणीची रेघ

तळवलीच्या खाडीवर संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघतात. तो म्हातारा मात्र पाण्याकडे पाठ करून, एक डोळा मिटून, इमारतींकडे बघत उभा असायचा. मी शाळेत त्रिकोणमिती शिकवतो, राहवलं नाही. विचारलं, “काका, अंतर काढताय?”

“माजा सख्खा भाव बुडला ती जागा बगतंय. होडीतून बगलं का देवलाचा कलस डोंगराचे खाचीत यवाचा, नि कारखान्याची चिमनी वडावर. दोनी निशान्या जुलल्या का तीच जागा. आता देऊल टावरमागं गेलंय. एके निशानीनं रेघ गावते, जागा नाय.”

नारळी पौर्णिमेला तो एकटाच होडी घेऊन निघाला. चिमणी वडावर धरून, दिसेनासा होईपर्यंत, एकेक झेंडू पाण्यात सोडत गेला.