सुलभाताईंची मटणाची सुरी

सुलभाताई गेल्याचं मला नागपुरात कळलं. भाच्याच्या मुलीचं बारसं आटोपून आम्ही ताटं-वाट्या आवरत होतो, आणि चंदीगडहून आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारणीचा फोन आला. ‘कुंदा जी, सुलभा आंटी नहीं रहे...’ सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, दार उघडलंच नाही. मी हातातली वाटी कितीतरी वेळ पुसत राहिले. खरं तर मी आठवडाभर आधीच परतणार होते. भावाने आग्रह केला म्हणून मुक्काम वाढवला. तसं फोनवर सांगितलं तेव्हा ताई हसल्या होत्या. ‘ये सावकाश. मटण काय पळून जातंय होय?’

आता सांगायलाच हवं, की मी मटण खात नाही. जन्मात खाल्लेलं नाही.

ताई कोल्हापूरच्या, विंग कमांडरसाहेबांच्या पत्नी. निवृत्तीनंतर दोघं चंदीगडलाच राहिले. मी सरकारी नोकरीत बदलीवर इथे आले, लग्न केलं नाही आणि परतही गेले नाही. त्या तळमजल्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर. आपल्याकडे मटण खाटकाकडूनच तुकडे होऊन येतं आणि रश्शात पडतं. साहेबांना मात्र हवाई दलाच्या मेसची सवय. दर रविवारी बकऱ्याची अख्खी मांडी, इकडे तिला रान म्हणतात, ओव्हनमध्ये भाजायची आणि साहेबांनी उभं राहून तिचे पातळ काप करून एकेकाच्या ताटात वाढायचे. ते गेले आणि ओव्हन बंद झाला. वर्षभराने एका सकाळी ताई माझ्या दारात उभ्या. ‘चल गं, सुरी घ्यायचीय. ह्यांची लई जड आहे, मनगट दुखतं. आता मी कापणार.’

‘मला कशाला नेता? मी वरणभाताची माणूस.’

‘म्हणूनच. सुरी बघितली की मला मटण दिसतं. तुला नुसती सुरी दिसेल.’

बावीस सेक्टरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानदाराने आधी काचेच्या कपाटातली परदेशी सुरी काढली. ताईंनी किंमत ऐकून ती जागेवर ठेवायला लावली. ‘एवढ्या पैशात अख्खा बकराच येईल.’ मग स्वस्तातल्या पाच-सहा मांडून घेतल्या. दातेरी नको, मांस फाटतं. पातं लांब आणि अरुंद हवं, म्हणजे एका ओढीत काप निघतो. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर मूठ चार महिन्यांत हलते. एवढं झाल्यावर ताईंनी पिशवीतून डबा काढला. त्यात आदल्या दिवशी भाजलेलं मटण! दुकानदार दोन पावलं मागे सरला. ‘आंटी जी, हम तो वैष्णो हैं!’ वैष्णो म्हणजे इथे शाकाहारी. ‘ये भी वैष्णो है,’ माझ्याकडे बोट दाखवून ताई म्हणाल्या. शेवटी दुकानाबाहेरच्या बाकावर परीक्षा झाली. डबा या वैष्णोने, म्हणजे मी धरला. लाकडी मुठीची, दिसायला अगदी साधी सुरी मीच निवडली, कारण ती हातात घेतल्यावर ताईंचं मनगट वाकडं होत नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षं रविवारी एक वाजता मी त्यांच्या टेबलाशी. ताई उभ्या राहून कापायच्या, दोनच काप खायच्या, बाकीचं बिल्डिंगमध्ये वाटायच्या. मला वेगळ्या ताटलीत भाजलेले बटाटे. एकदा मी विचारलं, दोन कापांसाठी एवढा खटाटोप कशाला? म्हणाल्या, ‘कापणाऱ्याला समोर कुणीतरी लागतं, कुंदा.’ मी गावाला गेले की त्या ओव्हन लावतच नाहीत, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. तरी मी मुक्काम वाढवला... हे मला अजून सहन होत नाही.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलीने, मीनलने, फ्रीज रिकामा करायला घेतला. ती कॅनडात असते. मराठी कळतं, उत्तर हिंदीत येतं. फ्रीजरमध्ये अख्खी रान निघाली. मी परतणार होते त्या रविवारसाठी आणलेली.

‘मावशी, ये किसके लिए था?’

‘माझ्यासाठी,’ म्हटलं, आणि मला रडू कोसळलं.

ती रान तिने बाबांच्या पद्धतीने भाजली. कापायची वेळ आली तेव्हा म्हणाली, ‘मुझे नहीं आता. आप काटो.’ मी उभी राहिले. मांसाच्या रेषांना आडवी सुरी ओढायची, हाडापाशी हात हलका करायचा; सहा वर्षं समोर बसून मी दुसरं काय पाहिलं होतं? काप जाडजूड निघाले. मीनल जेवली, आणि जाताना सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात देऊन गेली.

परवा रविवारी सायकलवरचा धारवाला खाली ओरडत होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, सुरी घेऊन उतरले.

‘किस काम की है जी?’

‘मीट की,’ मी म्हणाले.

त्याने पात्यावरून अंगठा फिरवला आणि सुरी तशीच परत केली. ‘धार तो पूरी है, बीबी जी. चलती ही नहीं होगी.’

मी जिना चढून वर आले. एक वाजून गेला होता. कुकर लावायचाही कंटाळा आला.